समुपदेशक राहत्या गावातला हवा

विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. तेव्हापासून महाराष्ट्रातील माझ्या नातेवाइकांशी आणि शिक्षिका असलेल्या मैत्रिणींशी फोनवर बोलताना समुपदेशनाचा विषय हमखास निघतो. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असे त्या सूचनांत सांगितले आहे. यावर मला दोन मते ऐकू येतात. काहींना वाटते की हे फार पूर्वीच व्हायला हवे होते. इतरांच्या मते घरातली आणि शेजारची माणसे एकमेकांशी बोलत होती तोवर परक्या माणसाला पैसे देऊन मन मोकळे करण्याची वेळ कोणावर आली नव्हती, आणि आता पाश्चात्त्यांचे पाहून आपण नवे खूळ घेतले आहे. दोन्ही बाजूंचे एका मुद्द्यावर मात्र एकमत असते, ते म्हणजे तुमच्या इंग्लंडमध्ये लोकांना याची लाज वाटत नाही, म्हणून तिथे हे सारे सुरळीत चालते.

या एकमताशीच माझा वाद आहे. इंग्रज माणूस आपल्या मनातले दुःख सहज बोलून दाखवतो, असे मला इथल्या इतक्या वर्षांच्या वास्तव्यात दिसलेले नाही. कार्यालयात, शेजारात, मुलांच्या शाळेच्या फाटकाशी भेटणारी माणसे ‘कसे आहात’ या प्रश्नाला ‘उत्तम’ एवढेच उत्तर देतात आणि घरी जाऊन एकटी पडतात. संकोच इथेही आहे. फरक असा की, संकोच बाजूला ठेवल्याशिवाय मदत मागताच येणार नाही, अशी अट इथल्या व्यवस्थेने घातलेली नाही. २००८ पासून इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने (एनएचएस) नैराश्य आणि चिंताविकार यांच्यासाठी संवादावर आधारित उपचारांची वेगळी यंत्रणा उभी केली असून तिला सध्या ‘एनएचएस टॉकिंग थेरपीज’ असे म्हणतात. फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदलेले असले की पुढे त्यांच्या चिठ्ठीची गरज नसते. संकेतस्थळावर आपल्या भागाची सेवा शोधून, रात्री सगळे झोपल्यावर कोणालाही न सांगता आपले नाव आपणच नोंदवता येते. काही दिवसांनी फोन येतो, अर्धा-पाऊण तास चौकशी होते आणि त्रासाच्या तीव्रतेप्रमाणे मार्गदर्शनासह स्वयंअभ्यास, गटातील सत्रे किंवा प्रशिक्षित थेरपिस्टबरोबर एकेकट्याची सत्रे दिली जातात. यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. नोकरीच्या व्हिसावर आलेल्या आपल्या मुलांनी तर हे ध्यानात ठेवावे, कारण आरोग्य अधिभार म्हणून वर्षाला १,०३५ पौंड भरल्यावरच त्यांतील बहुतेकांना व्हिसा मिळालेला असतो, आणि तरीही ‘ही सोय आपल्यासाठी नसेल’ असे समजून त्यांतील कितीतरी जण ती वापरत नाहीत.

म्हणून ‘आधी समाजाची मानसिकता बदलायला हवी’ हे वाक्य ऐकले की मला अस्वस्थ व्हायला होते. मानसिकता बदलायला पिढ्या लागतात, आणि ज्या मुलीला आज रात्री झोप येत नाही तिच्याकडे तेवढा वेळ नाही. लाजणाऱ्या माणसालाही, लाज कायम ठेवून, पहिले पाऊल टाकता आले पाहिजे. त्यासाठी घराजवळ कोण आहे, तिथे कधी जायचे आणि खर्च किती येईल, एवढी माहिती त्याला कोणालाही न विचारता मिळायला हवी.

इथले दोषही सांगायला हवेत, नाहीतर परदेशस्थाची नेहमीची बढाई होईल. नाव नोंदवलेल्यांपैकी पंचाहत्तर टक्के लोकांचे उपचार सहा आठवड्यांत आणि पंचाण्णव टक्के लोकांचे अठरा आठवड्यांत सुरू व्हावेत, असे या सेवेचे उद्दिष्ट आहे. तथापि पहिली भेट वेळेवर झाली तरी दुसरी भेट मिळेपर्यंत काही भागांत महिने जातात. ज्यांचा आजार गंभीर आहे, उदाहरणार्थ ज्यांना भास होतात, त्यांची सोय या सेवेत नाही. त्यांचा रस्ता फॅमिली डॉक्टरमार्फत दुसऱ्या विभागाकडे जातो आणि तिथली प्रतीक्षा अधिक लांब असते. कंटाळून लोक खासगी थेरपिस्ट शोधू लागतात, आणि मायदेशातील वाचकांना ज्याचे सर्वांत आश्चर्य वाटेल ती गोष्ट तिथे समोर येते. ब्रिटनमध्ये ‘काउन्सेलर’ किंवा ‘सायकोथेरपिस्ट’ या बिरुदांना कायद्याचे संरक्षण नाही. उद्या कोणीही तशी पाटी लावू शकतो. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’, म्हणजे मनोविकारांवर उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, म्हणवून घेण्यासाठी मात्र एचसीपीसी या वैधानिक संस्थेकडे नोंदणी सक्तीची आहे. बाकीच्यांसाठी बीएसीपी, यूकेसीपी यांसारख्या व्यावसायिक संघटनांच्या नोंदवह्या आहेत. त्या ऐच्छिक असल्या तरी नाव, प्रशिक्षण आणि तक्रारीची सोय त्यांच्यामार्फत तपासता येते, म्हणून जाणकार माणूस आधी तिथे पाहतो.

भारतातील परिस्थिती याहून फार वेगळी नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते आणि मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर त्या विषयात पुढचे शिक्षण घेतलेला, औषधे लिहून देऊ शकणारा डॉक्टर असतो. मधला मोठा वर्ग, म्हणजे समुपदेशक, इतकी वर्षे कोणत्याच नोंदवहीत नव्हता. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याने समुपदेशकांचा आणि क्लिनिकल वगळता अन्य मानसशास्त्रज्ञांचा समावेश आपल्या कक्षेत केला आहे खरा, पण त्याची अंमलबजावणी सावकाश चालली आहे. त्यामुळे प्रत्येक शाळेत समुपदेशक नेमा असे म्हणताना ‘पात्र’ या शब्दाची खातरजमा कोण करणार, हा प्रश्न पालकसभेत मोठ्याने विचारला गेला पाहिजे. काही आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम करून प्रमाणपत्र घेतलेली व्यक्ती आणि देखरेखीखाली शेकडो तास काम केलेली व्यक्ती यांना एकाच खुर्चीवर बसवले, तर नुकसान मुलांचे होईल. पदवी कोणती, कोणाच्या देखरेखीखाली काम केले, आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला तुम्ही पुढे कोणाकडे पाठवता, हे तीन प्रश्न विचारल्याने कोणत्याही चांगल्या समुपदेशकाला राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्याकडे न गेलेले बरे.

आता इथल्या मराठी माणसांबद्दल. माझ्या परिचयातील एका गृहस्थांना नोकरी जाण्याची टांगती तलवार असताना महिनोन्‌महिने झोप लागत नव्हती, छातीत धडधडत होते आणि हृदयाच्या सगळ्या तपासण्या निर्दोष आल्या होत्या. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांनी टॉकिंग थेरपीजकडे नाव नोंदवले. तिथे सुरुवातीलाच, आणि नंतर जवळपास प्रत्येक सत्राआधी, नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली भरावी लागते. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, असे विचारलेले असते आणि ‘अजिबात नाही’ याला शून्य गुण, ‘जवळजवळ रोज’ याला तीन, असे मोजत एकूण सत्तावीसपैकी गुण निघतात. या गृहस्थांनी झोपेपुढे तीन लिहिले, थकव्यापुढे तीन, भुकेपुढे दोन. मन उदास असणे, कशातच रस न वाटणे, आपण कुटुंबाला कमी पडलो असे वाटणे, या ओळींपुढे त्यांनी शून्य लिहिले. बेरीज आठ आली. या सेवेत दहा किंवा त्याहून अधिक गुण आले की नैराश्याचा त्रास उपचार करण्याजोगा मानला जातो. आठ म्हणजे सौम्य. त्यांना एक पुस्तिका आणि संगणकावरचा अभ्यास मिळाला, आणि ‘पाहिलेस, मला काही झालेले नाही’ असे त्यांनी पत्नीला सांगितले. देहाचे दुखणे सांगायला आपली ना नसते, पण मनाचे दुखणे लिहून द्यायचे म्हणजे आपण कोणाकडे तरी हात पसरतो आहोत असे वाटते, विशेषतः ज्याच्या पगारावर इकडचे घर आणि तिकडचे आईवडील अवलंबून आहेत अशा पुरुषाला. फोनवरच्या बाईंनी विचारलेल्या थेट प्रश्नांनाही त्यांनी सभ्यपणे ‘सगळे ठीक आहे’ असेच उत्तर दिले होते. पुढे पत्नीने आग्रह धरला, त्यांनी दुसऱ्यांदा फोन करून खरे काय ते सांगितले, आणि मग त्यांना समोर बसून बोलणारी थेरपिस्ट मिळाली.

ही हकिगत ऐकून अनेक जण म्हणतात की त्यापेक्षा पुण्या-मुंबईतला मराठी समुपदेशक ऑनलाइन गाठावा. तो आपली भाषा बोलतो, एकत्र कुटुंबातले ताण त्याला समजावून सांगावे लागत नाहीत आणि शुल्कही इथल्या खासगी थेरपिस्टपेक्षा पुष्कळ कमी असते. या म्हणण्यात तथ्य आहे. आई गेल्याचे दुःख परक्या भाषेत बोलताना ते दुसऱ्याच कोणाचे आहे असे वाटते, हे मी जवळून पाहिले आहे, आणि अशा वेळी मायदेशातील समुपदेशकाशी केलेल्या बोलण्याने माणूस सावरतो. तरीही एकमेव आधार म्हणून हा पर्याय मला पुरेसा वाटत नाही. एखाद्या रात्री प्रकृती बिघडली तर नाशिकमध्ये बसलेला समुपदेशक तुमच्या दाराशी रुग्णवाहिका पाठवू शकत नाही. अशा वेळी इथल्या आरोग्यसेवेचा १११ हा क्रमांक फिरवून मानसिक आरोग्याचा पर्याय निवडायचा असतो, हेही त्याला ठाऊक नसते. कामावरून कमी करण्याची इथली पद्धत, नोकरीला बांधलेला व्हिसा, शाळेतून आलेले पत्र, यांचा धाक किती असतो हे स्थानिक माणसाला जितके समजते तितके दुरून समजत नाही. अमेरिकेत तर हा प्रश्न कायद्याचाही आहे, कारण उपचार घेणारी व्यक्ती ज्या राज्यात बसलेली असते, त्या राज्याचा परवाना थेरपिस्टकडे असावा, असा तिथला सर्वसाधारण नियम आहे.

भाषेची अडचण इथल्या सेवेतही काही प्रमाणात सुटते. एनएचएसकडे दुभाष्या मागता येतो, त्याचे पैसे पडत नाहीत, आणि पती किंवा मुलगी यांना दुभाष्या म्हणून बसवू नये असेच मार्गदर्शन आहे. सासूच्या त्रासाबद्दल सांगणाऱ्या स्त्रीचे बोलणे तिच्या नवऱ्याने भाषांतरित करावे, ही कल्पनाच पाहा. लंडनमध्ये नफ्सियात नावाचे केंद्र १९८३ पासून वेगवेगळ्या संस्कृतींतील लोकांना त्यांच्या भाषेत थेरपी देते. मराठी थेरपिस्ट इंग्लंडमध्ये थोडे आहेत, आणि ते मिळाले तरी आणखी एक विचार करावा लागतो: आपली वस्ती लहान आहे, गणेशोत्सवात आणि दिवाळीच्या कार्यक्रमात तीच माणसे भेटतात, आणि मंगळवारी जिच्यापुढे रडलो तिच्याशेजारी शनिवारी पंगतीला बसणे सगळ्यांना जमत नाही. अनेकांना म्हणूनच अनोळखी इंग्रज थेरपिस्ट जास्त मोकळा वाटतो.

पूर्वीचे लोक कट्ट्यावर आणि ओसरीवर मन मोकळे करत, या युक्तिवादाचे उत्तरही इथेच आहे. मैत्रिणीशी बोलणे थांबवा असे कोणी सांगत नाही. परंतु ओसरीवर बोललेले ओसरीवर राहत नसे, हे ज्या स्त्रियांनी ते भोगले त्या सांगतील. भारतात २९ मे २०१८ पासून लागू असलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. तरी मायदेशी गेले की मी पाहते, मुलगी सत्रातून बाहेर आली की आईवडील समुपदेशकालाच विचारतात, ‘काय म्हणाली ती?’ शाळेतील समुपदेशकाने मुख्याध्यापकांना काय सांगायचे आणि काय नाही, हे लेखी ठरलेले नसेल, तर मुले एकदाच जातील.

मायदेशात काही नाही, असे म्हणणेही बरोबर नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे आणि आता साडेसातशेहून अधिक जिल्ह्यांसाठी मंजूर आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि मनोसामाजिक कार्यकर्ता असा चमू असावा, ही त्यातील रचना आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेल्या टेली मानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतून, विनामूल्य बोलता येते. ही सोय इंग्लंडमधल्या मराठी माणसाला त्याच्या भाषेत सहज मिळत नाही. असे असूनही २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या विकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून असल्याचे आढळले होते. तज्ज्ञांची कमतरता हे याचे मोठे कारण आहेच. पण माझ्या सुशिक्षित, रोज वर्तमानपत्र वाचणाऱ्या नातेवाइकांपैकी एकालाही आपल्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते हे सांगता आले नाही, आणि ही उणीव भरून काढायला नवीन डॉक्टर तयार व्हावे लागत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनांत टेली मानससह मदतवाहिन्यांचे क्रमांक वर्गात, वसतिगृहात आणि संकेतस्थळावर ठळक लावायला सांगितले आहे. शंभरपेक्षा कमी विद्यार्थी असलेल्या संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक संधान बांधावे, असेही म्हटले आहे. माझ्या शिक्षिका मैत्रिणींना मी या दुसऱ्या सूचनेकडे अधिक लक्ष द्यायला सांगते, मग त्यांची शाळा कितीही मोठी असो. क्रमांकाच्या खाली तालुक्यातील आणि जिल्ह्यातील तज्ज्ञांची नावे, त्यांची नोंदणी, भेटीचा वार, वेळ आणि केसपेपरचे शुल्क एवढे लिहिलेले असावे, आणि ते दर सहामाहीला कोणीतरी फोन करून तपासावे.