‘प्रेमाचं हार्मोन’ नाकात मारून वजन उतरत नाही

व्हॉट्सअॅपवर फिरणारा दावा थोडक्यात असा: ऑक्सिटोसिन हे प्रेमाचं हार्मोन. व्होल नावाचे उंदरासारखे छोटे प्राणी त्याच्याच जोरावर जन्मभर जोडीनं राहतात. त्याचा फवारा नाकात मारला की विश्वास वाढतो, माणूस मिसळू लागतो, चरबीही झडते.

आधी ते नाव. बाळंतपणात कळा वाढवायला सलाइनमधून देतात ते हेच, आणि म्हशीनं पान्हा सोडावा म्हणून गोठ्यात चोरून टोचतात तेही हेच. त्या म्हशीचं टोचणाऱ्यावर प्रेम जडल्याचं ऐकिवात नाही! रक्तातलं ऑक्सिटोसिन मेंदूत फारच थोडं पोचतं. शिवाय त्याचा परिणाम काय होणार, हे त्याचा रिसेप्टर, म्हणजे हार्मोन जिथे चिकटून काम सुरू करतं तो रेणू, कुठल्या पेशींवर बसलाय त्यावर ठरतं. गर्भाशयाच्या स्नायूवर असला तर कळ येते. मेंदूत असला तर कुठल्या भागात आहे, ते पाहावं लागतं.

व्होलचा दाखला मात्र अगदीच पोकळ नाही. अमेरिकेतल्या माळरानावरच्या प्रेअरी व्होलच्या मेंदूत, सुखाची ओढ लावणाऱ्या न्यूक्लियस अॅकम्बन्स भागात, हे रिसेप्टर दाट असतात. जोडी न करणाऱ्या डोंगरी व्होलमध्ये तिथे विरळ. औषधानं ते अडवले की प्रेअरी मादी जोडी जमवत नाही. गोष्ट इथे संपली असती तर मेसेज निम्मा तरी खरा ठरला असता. पण २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी क्रिस्पर हे जनुकं बदलण्याचं तंत्र वापरून हा रिसेप्टरच नसलेले प्रेअरी व्होल तयार केले. त्यांनीही जोड्या जमवल्या, आणि काही माद्यांनी पिल्लं पाजून वाढवलीसुद्धा. रिसेप्टर जन्मापासूनच नसेल तर मेंदू दुसरी वाट काढत असावा. काहीही असो, ‘त्याच्याच जोरावर’ हे शब्द खोडावे लागतात.

विश्वासाचा दावा २००५ च्या एका गाजलेल्या प्रयोगावर उभा आहे. २०२० मध्ये तो जास्त माणसांवर पुन्हा केला, तेव्हा फवाऱ्यानं विश्वास सरसकट वाढल्याचं दिसलं नाही. मिसळण्याचं म्हणाल, तर स्वमग्न मुलांना २४ आठवडे फवारा देऊन पाहिला. २०२१ मध्ये निकाल आला, औषध नसलेल्या नुसत्या फवाऱ्यापेक्षा फरक नाही.

राहिलं वजन. रिसेप्टर नसलेले उंदीर जास्त न खाताही पुढे लठ्ठ होतात, म्हणून आशा होती. स्थूल माणसांवरच्या चाचणीचा निकाल २०२४ मध्ये आला: सहाव्या आठवड्यात खाणं जरा कमी दिसलं, पण आठ आठवडे रोज चार वेळा फवारा मारूनही वजनात फरक पडला नाही.