विंडोचं माप आणि आमचं डोकं

कॉम्प्युटर विसरतो याचा मला तेवढा राग नाही, विसरणं एकवेळ माफ. पण जे लक्षात ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं ते नेमकं लक्षात ठेवायचं आणि जे रोज हातानं ओढून ताणून करून दाखवतो ते बंद केलं की साफ पुसून टाकायचं, याला काय म्हणावं?

माझं मागणं फार नाही हो. पीडीएफ डावीकडं अर्ध्या स्क्रीनवर, शीट उजवीकडं, नोटपॅड खाली कोपऱ्यात एवढंसं. बस. पण सकाळी उघडलं की पीडीएफवाला प्रोग्रॅम मधोमध इतका बारका होऊन येतो की ओळीतले तीन शब्द दिसतात आणि चौथ्यासाठी स्क्रोल करा. मग माउस घेऊन कडेपाशी जायचं. हल्लीच्या विंडोची कड म्हणजे असून नसल्यासारखी, दोन टोकांचा बाण दिसला म्हणून दाबायला जावं तर तेवढ्यात तो साधा बाण झालेला असतो, क्लिक पडतं मागच्या विंडोवर, मागची पुढं येते आणि जिला ओढायचं होतं ती गडप.

उपाय सांगणारे पैशाला पासरी. एक म्हणतो कंट्रोल दाबून धर आणि मग फुलीवर क्लिक कर. दुसरा म्हणतो कंट्रोल नाही, शिफ्ट. तिसऱ्याचं तर मोठं विधी-विधान आहे, आधी बाकीच्या सगळ्या विंडो बंद करायच्या, शेवटची जी उरेल ती मॅक्झिमाइझ न करता हातानं ओढून मोठी करायची, मग बंद करायची. अंधश्रद्धा म्हणून सोडून द्यावं तर एखाद्या वेळी चालतं, तीच तर पंचाईत आहे.

शेवटी खोलात गेलो तेव्हा कळलं की प्रोग्रॅमच्या विंडोचं माप लक्षात ठेवणं हे विंडोजचं काम नाहीच मुळी. बंद होताना प्रोग्रॅमनं स्वतः विचारायचं असतं की बाबा मी आत्ता कुठं आहे आणि केवढा आहे, त्यासाठी गेटविंडोप्लेसमेंट नावाचं फंक्शन आहे, उत्तर येईल ते कुठंतरी लिहून ठेवायचं, आणि पुढच्या वेळी उघडताना सेटविंडोप्लेसमेंट म्हणून परत द्यायचं. आमचं बिचारं जुनं नोटपॅड हे इमानानं करायचं, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, आयविंडोपॉसएक्स वगैरे नावांनी चार आकडे लिहून ठेवायचं. ज्यांनी हे दोन-चार ओळींचं काम टाळलं त्यांच्यासाठी विंडोज आपल्या मनानं जागा काढून देतं, साधारण आधीच्या विंडोपेक्षा थोडी खाली, थोडी उजवीकडं. म्हणजे प्रोग्रॅमवाले सिस्टिमकडं बोट दाखवणार, सिस्टिम प्रोग्रॅमकडं, आणि मधे आपण, माउस हातात घेऊन. शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमधे एक रन नावाचा पर्याय सापडला तेव्हा जीव भांड्यात पडला होता, उघडून बघितलं तर आत तीनच गोष्टी, नॉर्मल, मिनिमाइझ्ड, मॅक्झिमाइझ्ड. काल होती तशी, असं काही नाही त्यात.

आता लक्षात ठेवणाऱ्यांची तऱ्हा ऐका, ती जास्त भारी आहे. दुसरा मॉनिटर काढून ठेवून जमाना झाला तरी एक प्रोग्रॅम अजून तिथंच उघडतो. खाली टास्कबारवर दिसतोय, चालू आहे, आवाजसुद्धा येतोय, विंडोचा पत्ता नाही. याहून कहर म्हणजे मिनिमाइझ केलेली विंडो विंडोज स्क्रीनच्या पार बाहेर, उणे ३२००० या ठिकाणी नेऊन ठेवतं, आणि एखादा अर्धवट हुशार प्रोग्रॅम बंद होताना तेच आकडे प्रामाणिकपणे लिहून घेतो, मग पुढच्या वेळी तिथंच प्रकट होतो. तिथून परत आणायला अल्ट-स्पेस, मग एम, मग कुठलाही एक बाण, आणि मग माउस हलवायचा, की विंडो पॉइंटरला चिकटून लाजत लाजत आत येते. हे मात्र पाठ करून ठेवा, लोक तुम्हाला इंजिनियर समजतात.

लिनक्स घे म्हणणारा एक मित्र असतोच. पण तिथं वेलँडवर, म्हणजे स्क्रीनवर विंडो दाखवायच्या त्यांच्या नव्या पद्धतीत, प्रोग्रॅमला आपण स्क्रीनवर नेमके कुठं आहोत हे मुद्दामच सांगत नाहीत म्हणे, मग तो लिहून काय ठेवणार डोंबल? विंडोज ११ मधे मॉनिटरच्या जोडणीनुसार विंडोच्या जागा लक्षात ठेवायचा टिकबॉक्स आला, तो चांगला आहे, आधी डिस्प्लेपोर्ट केबलवरचा मॉनिटर नुसता बंद केला तरी सिस्टिमला वाटायचं गेला, आणि सगळ्या विंडो उरलेल्या स्क्रीनवर गोळा व्हायच्या. पण हे सगळं उघड्या विंडोंसाठी. एकदा बंद केली की परत प्रोग्रॅमची मर्जी.

शेवटी पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्याच फुकट टूल्समधलं फॅन्सीझोन्स टाकलं. स्क्रीनचे आपल्याला हवे तसे भाग पाडायचे, आणि नवी विंडो तिच्या शेवटच्या भागात पाठव असा टिक करायचा. चाललं की! पीडीएफ डावीकडं, शीट उजवीकडं, एकदम शिस्तीत. फक्त त्या गडबडीत कॅल्क्युलेटर एकदा चुकून उजव्या भागात जाऊन पडला होता, तेव्हापासून तो अर्धा स्क्रीन अडवूनच उघडतो, बटणं इतकी मोठी की चष्मा काढून ठेवला तरी बेरीज होते. आणि हे मात्र काही केल्या विसरायला तयार नाही.