सप्टेंबरमधील मालवण-देवबाग सहलीवरील आपल्या अभिप्रायाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर महिन्यात आपण सहकुटुंब केलेल्या दोन दिवसांच्या मालवण-तारकर्ली-देवबाग सहलीबद्दलचा आपला दोन ताऱ्यांचा अभिप्राय मी लक्षपूर्वक वाचला. आपल्या तक्रारी थोडक्यात अशा आहेत: सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेले नाही आणि समुद्र शांत दिसत असतानाही होडीवाले घाबरले; त्याऐवजी तळी आणि देवळे दाखवून वेळ काढला; त्सुनामी बेटासाठी भल्या पहाटे पाच वाजता खोलीबाहेर काढले; स्कूबा डायव्हिंगमध्ये हिरवट पाण्याखेरीज काही दिसले नाही; डॉल्फिन दिसले नाहीत; आणि जेवणात सुरमईऐवजी बांगड्यावर बोळवण झाली. संकेतस्थळावरचे कोकण आणि प्रत्यक्षातले कोकण यांत फार अंतर आहे, असा निष्कर्षही आपण शेवटी काढला आहे. सहलीचा बेत आखणारी इतर कुटुंबेही हा अभिप्राय वाचणार आहेत, त्यामुळे या मुद्द्यांचा सविस्तर खुलासा करणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत गंभीर मुद्दा किल्ल्याचा आहे, म्हणून तो आधी घेतो. दरवर्षी 26 मे ते 31 ऑगस्ट या काळात आमच्या किनाऱ्यावरील प्रवासी होड्या आणि जलक्रीडा शासकीय आदेशाने बंद असतात आणि 1 सप्टेंबरपासून त्या सुरू करण्यास मुभा मिळते. तथापि खात्याची तारीख उलटली म्हणून दर्या त्याच दिवशी निवळतो, असे नाही. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून झाल्यावरही जुने तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख खलाशी, दोन-चार दिवस किनाऱ्यावर उभे राहून लाटेचा अंदाज घेतात, आणि परतीचा पाऊस संपेपर्यंत अरबी समुद्रात केव्हा कमी दाबाचे क्षेत्र तयार होईल याचा नेम नसतो. आपण किल्ल्यावर जाणार होता त्या सोमवारी सकाळी बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे खराब हवामानाच्या इशाऱ्याची खूण, लागलेला होता. बावटा लागला की होडी सोडावी की सोडू नये हा प्रश्न होडीवाल्याच्या धैर्याचा राहत नाही. प्रवासी वाहतुकीला मनाई होते आणि ती मोडणाऱ्याचा परवाना धोक्यात येतो. त्या दिवशी मासेमारीच्या मोठ्या नौकासुद्धा नांगर टाकून उभ्या होत्या, हे आपणही धक्क्यावरून पाहिले असेल.

समुद्र शांत होता, हे आपले निरीक्षण धक्क्यापुरते बरोबर आहे. मालवणच्या धक्क्यासमोरच्या पाण्याला, किल्ला ज्यावर उभा आहे त्या कुरटे बेटाचा आणि आजूबाजूच्या खडकांचा आडोसा असल्यामुळे ते बरेचदा तळ्यासारखे दिसते. अडचण पलीकडे असते. किल्ल्याच्या महाद्वारापाशी होडी लागते तेथे बाहेरून आत येणारी लाट खडकावर आपटून परत फिरते, होडी क्षणात हातभर वर जाते आणि क्षणात खाली बसते, आणि त्याच वेळी उतारूने उतरायच्या दगडावर पावसाळ्यातले शेवाळ पुरते वाळलेले नसते. खलाशी एका हाताने दोर आणि दुसऱ्या हाताने उतारूचा दंड धरून एकेकाला उतरवतात. आपल्यासोबत ज्येष्ठ मंडळी होती आणि लहान मुलेही होती. तेथे पाय घसरला असता तर आज मी वेगळ्याच पत्राला उत्तर देत असतो.

किल्ला हुकला याची हळहळ मला समजते, कारण तो खरोखरच वाट वाकडी करून पाहावा असा आहे. 25 नोव्हेंबर 1664 रोजी त्याच्या बांधकामाला प्रारंभ झाला. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तिन्ही विहिरींना चहूबाजूंनी खारे पाणी असतानाही गोडे पाणी आहे. शिवरायांची मूर्ती असलेले शिवराजेश्वराचे मंदिर आत आहे. आणि 2025 च्या जुलै महिन्यात युनेस्कोने मराठा लष्करी भूदृश्यांतील ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत सिंधुदुर्गाचा समावेश झाला. नेमक्या याच कारणाने तो घाईत आणि भीतीत पाहू नये, असे माझे मत आहे. तटावरून सावकाश चालत फिरायला दोन तास तरी हाताशी हवेत.

तळी आणि देवळे दाखवून वेळ काढला, हे विधान मात्र मला मान्य नाही. ज्या दिवशी दर्या बंद असतो त्या दिवशीचा पर्यायी कार्यक्रम आमच्या माहितीपत्रकात आधीपासूनच छापलेला असतो आणि तो आरक्षणाच्या वेळी आपल्याला पाठवला होता. धामापूरचा तलाव इ. स. 1530 मधील आहे, आणि 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आणि निचरा आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन रचनेचा दर्जा दिला. सप्टेंबरमध्ये तो काठोकाठ भरलेला असतो, भगवती देवीच्या मंदिरामागे पायऱ्या थेट पाण्यात उतरतात आणि मागच्या डोंगराची हिरवी सावली पाण्यावर पडते. उन्हाळ्यात येणाऱ्यांना हा तलाव या रूपात दिसत नाही. वालावलच्या तळ्याकाठच्या लक्ष्मीनारायण मंदिराचेही तेच. आपली मुले तेथून निघायला तयार नव्हती, असे आमच्या चालकाने मला सांगितले. अर्थात मुलांचे मत आणि वडिलधाऱ्यांचे मत नेहमी जुळतेच असे नाही.

आता पहाटे उठवण्याबद्दल. देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते त्या मुखाशी असलेले त्सुनामी बेट म्हणजे वाळूचा पट्टा आहे. तो ओहोटीला उघडा पडतो आणि भरतीला पाण्याखाली जातो. भरतीची वेळ काढण्याचा आमच्याकडचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची सुमाराची वेळ मिळते. आपण गेलात त्या रविवारी अमावास्या होती, म्हणजे पक्षाची पंधरावी तिथी; पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सकाळी सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्याच्या साधारण सव्वासहा तास आधी, म्हणजे पहाटे पाचच्या आसपास, पूर्ण ओहोटी. त्यातून अमावास्येचे उधाण असल्यामुळे पाणी नेहमीपेक्षा अधिक खाली उतरते आणि तितक्याच वेगाने वर चढते. उजाडल्याबरोबर होडीत बसलेल्यांनाच त्या वाळूवर निवांत पाय ठेवता येतो. आपण पोहोचलात तेव्हा पट्टा उघडा होता आणि आपण तेथे तासाभराहून अधिक थांबलात. त्याच दिवशी न्याहरी करून नऊ वाजता निघालेल्या पर्यटकांना त्या जागी कमरेएवढे पाणी लागले. संध्याकाळच्या ओहोटीला का नेले नाही, असेही आपण विचारले आहे. सप्टेंबरमध्ये दुपारनंतर वारा वाढतो, नदीच्या मुखाशी पाणी उसळू लागते आणि परतीच्या पावसाचा गडगडाटही बहुधा त्याच वेळी होतो, म्हणून या दिवसांत आम्ही सकाळचीच वेळ ठेवतो. आठ-दहा दिवस आधी किंवा नंतर आला असता, तर ओहोटीची वेळ दिवसा चांगली वर सरकलेली असती आणि झोपही झाली असती.

स्कूबाच्या बाबतीत माझी बाजू स्पष्ट आहे. पावसाळ्यात कर्ली आणि गड या नद्या व कोळंबची खाडी जो गाळ समुद्रात आणून टाकतात, तो खाली बसायला वेळ लागतो. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत, रंगीत मासे आहेत, हा परिसर 1987 पासून सागरी अभयारण्य म्हणून घोषित आहे. परंतु पाण्याखालचे हे सारे नीट दिसण्याचे दिवस नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचे. आरक्षण करताना आपल्याला पाठवलेल्या संदेशात हेच लिहून, स्कूबा या खेपेस वगळावे असा सल्ला दिला होता. आपण ते तरीही ठेवावे असे कळवले, त्यानुसार ते ठेवले. संकेतस्थळावरील निळ्या पाण्याची छायाचित्रे याच समुद्राची आहेत आणि प्रत्येकाखाली महिना दिलेला आहे; आपण ज्यांचा उल्लेख केला त्या दोन्हींखाली "जानेवारी" असे लिहिले आहे.

डॉल्फिनची हमी आम्ही देत नाही आणि देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, असे आम्ही उघडपणे सांगतो. आमच्या किनाऱ्याजवळ हम्पबॅक जातीचे डॉल्फिन येतात, थंडीच्या दिवसांत सकाळी ते बऱ्यापैकी दिसतात, कधी सलग काही दिवस दिसतही नाहीत. शेजारच्या होडीने एका कळपाच्या मागे इंजिन भरधाव सोडले आणि आपल्या तांडेलाने तसे केले नाही, ही गोष्ट आपण तक्रार म्हणून नोंदवली आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या प्राण्याचा समावेश आहे. त्याचा पाठलाग न करण्याची सूचना आमच्या तांडेलांना आमचीच असते आणि ती यापुढेही तशीच राहील.

जेवणाबद्दल थोडेच लिहितो. आमच्या सहलीत दुपारचे जेवण हॉटेलात नसून देवबागमधील एका घरी असते आणि त्या घरच्या काकू सकाळी किनाऱ्यावर जे ताजे मिळेल तेच रांधतात. त्या दिवशी रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला, बांगडा लागला होता. बर्फातली सुरमई शहरात बारमाही मिळते, पण टोपलीतून थेट चुलीवर गेलेला बांगडा आणि त्याच्या आमटीत पडलेले ओले तिरफळ, हा योग थोड्या दिवसांचाच असतो. आवडनिवड ज्याची त्याची, हे मान्य. मात्र "बोळवण" हा शब्द काकूंच्या हातच्या त्या जेवणाला लावू नये, एवढी विनंती आहे.

पुन्हा येण्याचा विचार असेल तर किल्ला आणि स्कूबा यांसाठी डिसेंबर किंवा जानेवारीतील दिवस निवडावेत. त्या दिवसांत गावोगावच्या जत्राही सुरू असतात आणि रात्री दशावतार पाहता येतो. केवळ आंबा हवा असल्यास एप्रिलचा उत्तरार्ध उत्तम, पण दुपारचा उकाडा सोसण्याची तयारी हवी. धबधबे आणि धुके पाहायचे असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये आंबोलीची एक दिवसाची सहल करावी, मात्र त्या सहलीत समुद्रात उतरण्याची अपेक्षा ठेवू नये. आपल्या सोयीच्या दोन-तीन तारखा कळवल्यास त्या दिवशीची तिथी आणि ओहोटीची वेळ पाहून, कोणत्या दिवशी काय पाहता येईल ते आम्ही आगाऊ लेखी कळवू.

किल्ल्याच्या होडीचे न वापरलेले भाडे आणि तेथील मार्गदर्शकाचे शुल्क आपण परतल्यानंतर लगेचच, ज्या खात्यातून आरक्षण झाले त्याच खात्यात परत पाठवले आहे. अभिप्रायात त्याचा उल्लेख नसल्यामुळे ती रक्कम आपल्या नजरेतून सुटली असण्याची शक्यता आहे. कृपया खाते तपासावे आणि रक्कम जमा झालेली नसल्यास आरक्षण क्रमांकासह आमच्या कार्यालयाला कळवावे.

आपला,
सहल व्यवस्थापक व मालक, मालवण