सोनारने गाबोळी फुटत नाही

'नदीतले मासे मोजायला सोनार (पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनीवरून मासे दाखवणारं यंत्र) लावतात, त्याच्या आवाजाने गाबोळी (माशाच्या पोटातली अंडी) फुटते, मासे बहिरे होतात. जाळं न टाकता मोजलेला आकडा खोटा. होडीवरचा फिश फाइंडरसुद्धा आजच बंद करा.' हा मेसेज वर्सोव्याला आत्याच्या फोनवर आला आणि तिने खरंच मुलाला यंत्र बंद करायला लावलं. पहाटेच्या अंधारात, ओहोटीला, खाडीच्या तोंडाशी होडी गाळात रुतली. अरे, फिश फाइंडर म्हणजे छोटा सोनारच, पाण्याची खोलीही तोच दाखवतो!

आधी गाबोळीचं बघू. नदीत मासे मोजायला जो इमेजिंग (चित्र दाखवणारा) सोनार वापरतात, तो साधारण 11 ते 18 लाख हर्ट्झवर चालतो. बहुतेक माशांना काही हजार हर्ट्झच्या वरचं ऐकूच येत नाही. शॅड नावाच्या माशासारखे अपवाद आहेत, तेही 1 लाख 80 हजारांपर्यंतच. आणि आत्या, तुझ्या सुनेची सोनोग्राफी या सोनारहूनही वरच्या पट्टीतल्या आवाजाने झाली. नातू धडधाकट आहे ना?

अमेरिकेतल्या अलास्का राज्याचं मत्स्य खातं 1960 च्या दशकापासून सोनारने सॅमन मोजतंय. केनाई नदीत अंडी घालायला वर चढणारे मासे त्या यंत्रासमोरूनच जातात, पोटात गाबोळी घेऊन. पडद्यावर राखाडी सावली सरकते, शेपटी हललेली दिसते. तासातली ठरावीक मिनिटं मोजून पुढचा हिशेब मांडतात. त्या आकड्यावर तिथली मासेमारी चालू ठेवायची की थांबवायची ते ठरतं. गाबोळी फुटत असती तर इतक्या वर्षांत मोजायला मासाच उरला नसता.

बहामाजमध्ये 2000 साली सोनारमुळे व्हेल किनाऱ्याला लागले, हे खरं आहे. अमेरिकी नौदलानेही ते मानलं. पण तो पाणबुड्या शोधणारा सोनार. काही हजार हर्ट्झचा, प्रचंड ताकदीचा, मैलोन्मैल जाणारा. नदीतल्या यंत्राचा आवाज त्यामानाने थोड्याच अंतरात विरतो.

आकडा खोटा? मासा कुठल्या जातीचा, हे सोनारला नीट कळत नाही, एवढं मान्य करावं लागेल. म्हणून अलास्कातल्याच युकॉन नदीवर पायलट स्टेशन गावाला सोनारच्या जोडीला वेगवेगळ्या आसाची (भोकांच्या मापाची) जाळी टाकतात. पण जाळ्यात न आलेले किती, हे जाळं कसं सांगणार? गढूळ पाण्यात तर कॅमेराही आंधळा. तिथे घोळीच्या भोतासारखी माशाच्या पोटातली हवेची पिशवीच मुख्यतः आवाज परत पाठवते.

दादा, फिश फाइंडर चालू कर. आत्याशी मी बोलते.