सांकेतिक पत्रं लिहिणाऱ्यांची बाजू

आपल्याकडे मेसेजच्या गुप्ततेवर वाद पेटला की रिंगणात दोघेच दिसतात, सरकार आणि व्हॉट्सअ‍ॅप. फेब्रुवारी २०२१ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियम आले. त्यातला नियम ४(२) मोठ्या मेसेजिंग कंपन्यांना सांगतो, की एखादा मेसेज मुळात कुणी सोडला हे आदेश आल्यावर शोधून देता आलं पाहिजे. कंपनी त्याच वर्षी मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयात गेली. एप्रिल २०२४ मध्ये तिच्या वकिलांनी कोर्टात स्पष्टच सांगितलं, की एन्क्रिप्शन, म्हणजे मेसेज पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणाला वाचता येऊ नये म्हणून तो सांकेतिक करणं, तोडायला लावलं तर व्हॉट्सअ‍ॅप देशातून जाईल. आमच्या घरच्या ग्रुपवर त्या दिवशी सरळ दोन तट पडले. एकाचा भरवसा सरकारवर, दुसऱ्याचा कंपनीवर. मला दोन्हीकडे जावंसं वाटेना. मी जर्मनीत लाइपझिगला राहते आणि इथे ज्यांच्यात माझी ऊठबस आहे, ती माणसं या दोघांवरही विसंबून नाहीत.

ही हौशी मंडळी. कुणी शाळेत गणित शिकवतं, कुणी ट्रामच्या डेपोत कामाला आहे, एक बाई निवृत्त ग्रंथपाल आहेत. ती जीपीजी नावाच्या फुकट आणि खुल्या सॉफ्टवेअरनं एकमेकांना बंद ईमेल पाठवतात. यामागची कल्पना १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन या संशोधकांनी मांडली आणि पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी ती प्रत्यक्ष चालवून दाखवली. आपल्या नावाची उघडी कुलपं (यालाच पब्लिक की म्हणतात) जगभर वाटून टाकायची आणि किल्ली घरात ठेवायची, म्हणजे कुलूप कुणीही लावू शकतो, उघडू फक्त आपण शकतो. १९९१ मध्ये अमेरिकेत फिल झिमरमन यांनी पीजीपी लिहून हे साध्या माणसाच्या कॉम्प्युटरवर आणलं. तिथे तेव्हा एन्क्रिप्शन शस्त्रांत धरलं जाई, त्यापायी शस्त्रास्त्रांच्या निर्यातीचा नियम मोडला म्हणून त्यांच्यामागे तीन वर्षं चौकशी लागली आणि १९९६ मध्ये खटला न भरताच ती बंद झाली. जीपीजी हा त्याच जातीचा, पण कुणाच्याही मालकीचा नसलेला प्रोग्राम. तो वेर्नर कॉख यांनी १९९७ मध्ये जर्मनीत लिहायला घेतला.

मला सगळ्यात आवडतो तो पब्लिक कीची ओळख पटवण्याचा कार्यक्रम. प्रत्येकजण कागदाच्या पट्ट्या छापून आणतो. पट्टीवर नाव, ईमेल आणि पब्लिक कीचा ठसा असतो. ठसा म्हणजे आकडे आणि ए ते एफ ही रोमन अक्षरं मिळून चाळीस खुणा, चार-चारच्या दहा गटांत. माणसं समोरासमोर उभी राहतात, एकजण मोठ्यानं वाचतो, दुसरा पेन्सिलीनं टिक करत जातो. मग पासपोर्ट पाहायचा, फोटो आणि चेहरा ताडून बघायचा. घरी जाऊन त्या पब्लिक कीवर आपली डिजिटल सही करायची, की हो, ही या माणसाचीच आहे, मी स्वतः खात्री केली आहे. मधे कुठलीही कंपनी नाही आणि सरकारी दाखला लागतो तो तेवढ्यापुरता. ग्रंथपाल बाई वाचतात तेव्हा चुकूनही घाई करत नाहीत. त्यांचं तरुणपण पूर्व जर्मनीत गेलं. त्या काळच्या श्टाझी या गुप्त पोलिसांचं इथलं कार्यालय आता संग्रहालय आहे आणि लोकांची पत्रं वाफेवर उघडून पुन्हा चिकटवण्याची यंत्रं तिथे मांडून ठेवली आहेत. या शहरात पत्राच्या गुप्ततेचा विषय कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

जून १९९९ मध्ये जर्मन सरकारनं आपलं एन्क्रिप्शनचं धोरण जाहीर केलं: नागरिकांनी कुठलं एन्क्रिप्शन वापरावं यावर बंधन नाही. त्याच वर्षी केंद्रीय अर्थव्यवस्था व तंत्रज्ञान मंत्रालयानं जीपीजी विंडोजवर आणायला पैसेही दिले. आता आपल्याकडचा सप्टेंबर २०१५ चा एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा बघा. एन्क्रिप्शन वापरणाऱ्या प्रत्येक नागरिकानं मूळ मजकूर ९० दिवस उघडा साठवून ठेवावा, असं त्यात लिहिलं होतं. ओरड झाली, तेव्हा घाईघाईनं खुलासा आला, की व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, ट्विटर आणि बँकांचे व्यवहार यातून वगळले आहेत. लगोलग मसुदाच मागे घेतला गेला आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण तो खुलासा मला अजून टोचतो. त्यात मोठ्या कंपन्यांच्या मागे उभा असलेला सुटला. स्वतःच्या हातानं पत्र बंद करणारा तेवढा नियमात अडकून राहणार होता, आणि त्याची बाजू घेऊन कुणी बोललं असं मला आठवत नाही.

माझे मामा पोलीस खात्यातून निवृत्त झालेत. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. ते म्हणाले, "अगं, राईनपाड्याला पाच जणांना ठेचून मारलं. अफवा कुणी सोडली हे कळायला नको?" धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला, मुलं पळवणारी टोळी समजून, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. त्यावर गप्प बसावं असं मलाही वाटत नाही. मी म्हटलं, "मामा, तुम्हीच सांगा, तो मेसेज पहिल्यांदा पाठवणारा सापडला असता तर जमाव थांबला असता का?" मारणारे गावात सगळ्यांसमोर होते. २०२४ मध्ये सात जणांना जन्मठेपही झाली. अफवेचा वेग खरंच कमी करायचा तर फॉरवर्डला लगाम घालावा लागतो. २०१८ च्या त्याच जुलैत भारतात व्हॉट्सअ‍ॅपवर एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आली आणि त्यासाठी कुणाचाही मेसेज उघडावा लागला नाही. उलट पहिला पाठवणारा शोधायचा तर प्रत्येक माणसाच्या प्रत्येक मेसेजवर आधीच खूण करून ठेवावी लागेल. निरोप दुसऱ्या अ‍ॅपवरून उचलून चिकटवला की ती खूण फसते. आणि ज्याला खरंच काही लपवायचं आहे तो जीपीजी वापरेल. तिथे आदेश बजावायला मधे कंपनीच नाही.

मामांना हे सगळं पटलं नाही. तपास करायचा कसा, हा त्यांचा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर मला इथल्या व्यवस्थेत सापडतं, आणि तेही पूर्ण समाधानाचं नाही. जर्मन पोलीस गंभीर गुन्ह्यात संशयिताच्या फोनमध्ये सरकारी हेरगिरीचं सॉफ्टवेअर घालू शकतात. २०१७ मध्ये कायद्यानं ती मुभा वाढली आणि त्याविरुद्ध इथे जोरदार भांडण झालं. युरोपीय आयोगानं मे २०२२ मध्ये मुलांच्या लैंगिक शोषणाला आळा घालण्यासाठी खासगी मेसेज तपासण्याचा प्रस्ताव आणला, तोही वर्षानुवर्षं घोळतो आहे. म्हणजे इकडे सगळं आलबेल आहे, असं मी मुळीच सांगत नाही. पण एक फरक मोठा आहे. इथे पोलिसांना संभाषण ऐकायचं तर न्यायाधीशाचा आदेश लागतो. तातडीत सरकारी वकिलानं हुकूम दिला, तरी तीन कामकाजाच्या दिवसांत कोर्टाची मंजुरी नसेल तर तो संपतो. आपल्याकडे हा हुकूम केंद्राचा किंवा राज्याचा गृहसचिव देतो आणि त्याची तपासणी करणारी समितीही सचिवांचीच. सर्वोच्च न्यायालयाच्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये खासगीपण हा मूलभूत हक्क मानला, त्यानंतरही ही रचना तशीच राहिली. माझ्या मते घरच्या वादात ही गोष्ट सगळ्यात आधी यायला हवी होती. ती येतच नाही.

जीपीजी सगळ्यांनी वापरावं, असा माझा आग्रह नाही. ते किचकट आहे. पत्राचा मजकूर झाकला तरी कुणी कुणाला कधी लिहिलं ते उघडंच राहतं. किल्ली चोरीला गेली तर जुनी सगळी पत्रंही वाचता येतात. २०१८ मध्ये म्युन्स्टरच्या संशोधकांनी ईमेल प्रोग्रामांतल्या त्रुटी दाखवल्या, तेव्हा या हौशी मंडळींनी रात्री जागवून सेटिंग बदलली. आईशी बोलायला मीसुद्धा साधं अ‍ॅपच वापरते. तरी ही मंडळी हवीत, कारण गुप्ततेचं ज्ञान ती कंपनीच्या आणि खात्याच्या बाहेर, चार लोकांत जिवंत ठेवतात.

आणि ती भारतातही आहेत. डेबियन या खुल्या लिनक्स संगणक प्रणालीच्या प्रकल्पात डेव्हलपर व्हायचं तर आधीच्या डेव्हलपरनं पब्लिक कीवर सही करावी लागते. त्या प्रकल्पाचं जागतिक संमेलन सप्टेंबर २०२३ मध्ये कोचीला भरलं होतं. अशी किल्ली बाळगणारी पोरं पुण्यातही आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ त्यांनाही लागू होतं: आदेश आल्यावर मजकूर उलगडून द्यायला मदत केली नाही, तर सात वर्षांपर्यंत कैद. राज्यघटनेच्या कलम २०(३) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. पासवर्ड त्यात मोडतो की नाही, यावर आपल्या न्यायालयांचं एकमत झालेलं नाही. पुढच्या मसुद्यावर हरकती मागवल्या जातील तेव्हा मी दोनच गोष्टी लिहून पाठवणार आहे. हुकूम न्यायाधीशाचा असावा, आणि आरोपीच्या स्वतःच्या किल्लीला कलम २०(३) चं संरक्षण कायद्यातच लिहून द्यावं. मामांनी ते पत्र पाठवण्याआधी वाचायचं कबूल केलं आहे.