मावशीचं इन्शुलिन

आज सकाळी उपासनेला निघता निघता आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आलं. अभिषेकाच्या तेलाची बाटली, खाली क्यूआर कोड, आणि 'विश्वासाने ५०१ रुपयांचं बीज पेरा, डॉक्टरांनी हात टेकलेला आजार प्रभू काढून टाकील.' त्याखाली २२ आमेन. त्यातले कितीतरी जण माझ्याबरोबर संडे स्कूलला होते. उपासनेत माझं लक्षच लागलं नाही. म्हणून लिहितेय. राग आला तर येऊ दे.

माझ्या मावशीला वीस वर्षांची शुगर. तीन वर्षांपूर्वी तिच्या गावच्या मैदानावर प्रार्थनेने आजार बरे करायची आरोग्यसभा होती, मी सोबत गेले होते. स्टेजवरचा माणूस म्हणाला, गोळी घेणं म्हणजे अविश्वास. लोक औषधांच्या पिशव्या पुढे नेऊन टाकायला लागले. मावशीने पर्समधून इन्शुलिनचं पेन काढलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुढे गेली. मी गप्प बसले. सगळे आमेन म्हणत होते, मीही म्हटलं.

दीड महिन्यात आयसीयू. शुगर ५८०. अंगठ्याची जखम चिघळत वर गेली होती, गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

गोळी म्हणजे अविश्वास? आपल्या लोकांत घरटी एक नर्स असते! माझी आई मिरजेला नर्सिंग शिकली. तिथे डॉ. वानलेस यांनी १८९४ साली दवाखाना काढला तो काय विश्वास कमी होता म्हणून? शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता. शिष्य तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर प्रेषित पौल त्याला थोडा द्राक्षारस घे म्हणतो, बीज पाठव म्हणत नाही.

हो, प्रार्थनेने बरे झालेले लोक मीही पाहिलेत. देव बरं करतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण तो त्याचे पैसे घेत नाही. शिमोन जादूगाराने पवित्र आत्म्याचं दान पैशाने मागितलं तेव्हा पेत्र काय म्हणाला ते बायबलात प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात वाचा. आणि कुणी फक्त 'द्या म्हणजे तुम्हांला दिलं जाईल' एवढंच वचन कापून दाखवलं, तर त्याच्या मागचं-पुढचंही वाचा. तिथे शत्रूवर प्रीती करा, परत मिळायची आशा न धरता उसनं द्या, असं चाललंय. बिरुया गावचे लोक तर पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात ताडून बघायचे. आपण मात्र माइक हातात असलेल्या कुणालाही आमेन म्हणतो. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, साध्या बाईला स्वतः वाचता यावं म्हणून. १९२२ साली केडगावात देह ठेवेपर्यंत त्या त्याच कामात होत्या. आणि आपण वचन वाचतो ते फॉरवर्डमध्ये.

मावशीचा पाय गेला त्यापेक्षा मला पुढचं जास्त लागलंय. आम्ही सभेवाल्यांना फोन केला, तर उत्तर आलं, "बहिणीच्या विश्वासात खोट होती." बस्स. आणि मावशीने ते खरं मानलं. तेव्हापासून प्रभुभोजनाला हात पुढे करताना ती कचरते. मेंढराच्या वेषातला लांडगा ओळखायचा तो इथे. बरं करायचा शब्द खोटा ठरला की दोष कुणाच्या गळ्यात घालतो ते बघायचं.

आपली जुनी मंडळीही कमी पडली, हे कबूल करते. आमच्याकडून भेटीला बाराव्या दिवशी कुणीतरी आलं. ते सभेवाले लोक रात्री अकराला घरी येऊन गुडघे टेकायचे. एकट्या बाईला दुसरं काय हवं असतं?

मघाशी मावशीला फोन केला. म्हणाली, "तो कोड मलाही आलाय गं. तुझ्या नोकरीसाठी पाठवू का पाचशे एक?" माझ्यासाठी! रडूच आलं. नको म्हटलं आणि पौलाच्या तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा शेवट वाचून दाखवला, पौल सोबतच्या त्रफिमाला आजारीच मिलेत गावात ठेवून पुढे गेला ते.

बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग विचारलं, "पौलाबरोबरचा माणूस, आणि आजारीच राहिला?"

"हो."

"कितवी ओवी म्हणालीस? थांब, चष्मा घेते."

तीन वर्षं उशिरा बोलले मी तिच्याशी. तुमच्या घरातल्या मावशीशी आज बोला.