दार उघडं आहे, पण आत येतंय कोण?

गेल्या डिसेंबरात बडोद्याला गेलो होतो. दादाकडे दांडिया बाजारात रात्री जेवणं झाल्यावर विषय निघाला तो तासांचाच. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं, मग जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या चेअरमनांचं ९० तासांचं बोलणं बाहेर आलं, आणि तेव्हापासून आपल्याकडे प्रॉडक्टिव्हिटी म्हटलं की सगळे घड्याळाकडेच बघतात. दादाचं मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या सरकारी औद्योगिक वसाहतीत, छोटं मशीन शॉप आहे, पस्तीसेक माणसं, व्हॉल्वच्या बॉड्या आणि फ्लँज टर्न करून मोठ्या कंपन्यांना देतो. म्हणाला, "तुम्हा जर्मनीवाल्यांचं बरंय, पाच वाजले की बॅग उचलायची. इथे माणूस बारा तास उभा असतो तरी रिजेक्शन, बाद होणारा माल, कमी होत नाही."

मी म्हटलं दादा, बारा तास उभा राहूनही रिजेक्शन कमी होत नसेल तर प्रश्न तासांचा नाहीच ना.

जर्मनीत माणूस वर्षाला सरासरी साधारण १३४० तास काम करतो, विकसित देशांत जवळपास सगळ्यात कमी. आता तिथे मशीनं चांगली आहेत, पैसा आहे, ट्रेनिंग आहे, हे सगळं खरंच आहे आणि मी ते बाजूला सारत नाहीये. पण नऊ वर्षं स्टुटगार्टजवळच्या एका पंपाच्या कारखान्यात काढल्यावर मला सगळ्यात मोठा फरक जाणवतो तो हा, की मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला सकाळी जे खटकतं ते दुपारपर्यंत इंजिनिअरच्या टेबलावर आलेलं असतं. आपल्याकडे ते बऱ्याचदा त्याच्या डब्याबरोबर घरी जातं.

बडोदं सोडायच्या आधी मी एका कंपनीत क्वालिटीला होतो, नाव घेत नाही. नव्या फाउंड्रीकडून कास्टिंगचा, म्हणजे ओतीव भागांचा, लॉट आला, चारशे बॉड्या, सगळ्या मशीन झाल्या आणि हायड्रो टेस्टला, म्हणजे पाण्याच्या दाबाखाली तपासताना, निम्म्याहून जास्त गळायला लागल्या. आत ब्लो होल, ओतताना हवा अडकून राहिलेली पोकळी. लेथवर एक काका होते, वीस वर्षांचा हात, मी त्यांना विचारलं काका तुम्हाला टूल फिरताना कळलं नाही का, तर शांतपणे म्हणाले, पहिल्या दहा जॉबमध्येच कळलं होतं, आवाज तुटत होता. मग बोलला का नाहीत? तर म्हणे तीन वर्षांपूर्वी असंच एकदा बोललो होतो, साहेब म्हणाले तू लेथ चालव, क्वालिटी आम्ही बघतो, आणि पुढचा महिनाभर मला नाइट लागली. "आपणे शुं, साहेब." म्हणजे, आपल्याला काय त्याचं.

हे "आपणे शुं" बडोद्यात कानावर पडून पडून आपल्याला तो गुजराती मातीचा स्वभावच वाटायला लागतो. तो स्वभाव नाहीये. काकांनी एका महिन्याच्या नाइट शिफ्टमध्ये घेतलेला तो धडा होता आणि कंपनीने त्याची किंमत चारशे बॉड्यांमध्ये मोजली.

आणि हा धडा माझ्याबरोबर जर्मनीतही आला. पहिल्याच वर्षी एका ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल तो आकडा, चुकलेला मला दिसला, पण मनात आलं एवढ्या सीनियर लोकांनी सही केलीये, त्यांनी बघितलंच असेल, आणि मी गप्प बसलो. तीन आठवड्यांचं काम परत करावं लागलं. हे कळल्यावर बॉसने मला बोलावलं, माझे हात गार पडले होते. त्याने एवढंच विचारलं की तुला बोलण्यापासून कशाने अडवलं, आणि मी जे सांगितलं ते लिहून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून नव्या माणसाने प्रत्येक ड्रॉइंगवर निदान एक शंका काढायचीच असा आमच्या टीममध्ये नियम झाला, म्हणजे शंका काढणं हे धाडस राहिलं नाही, ड्यूटी झाली.

आता लोक म्हणतात जर्मन माणूस मुळातच तोंडावर बोलणारा. असेलही थोडा. पण त्याच्या मागे कायदा उभा आहे हे आपण विसरतो. दहापेक्षा जास्त माणसांच्या कंपनीत सहा महिने झाले की सबळ कारणाशिवाय काढता येत नाही. पाच कामगार असले तरी ते आपली कामगार परिषद निवडू शकतात, बेट्रीब्सराट म्हणतात तिला, आणि सुचवण्या कशा घ्यायच्या याच्या नियमांतही तिला वाटा असतो. सगळीकडे ती असते असं नाही, छोट्या कंपन्यांत बहुतेक ठिकाणी नसतेच. १९७६ मध्ये तर त्यांनी कायदा केला की दोन हजारांपेक्षा जास्त माणसांच्या कंपनीच्या देखरेख मंडळावर निम्मे लोक कामगारांच्या बाजूचे.

आणि त्याच १९७६ मध्ये आपण काय केलं माहितीये? ४२व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत कलम ४३अ घातलं, उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा म्हणून! त्याच्याही आधी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा जास्त कामगार असतील तिथे मालक आणि कामगारांच्या वर्क्स कमिटीची तरतूद होतीच. म्हणजे कल्पना परदेशातून आणायची गरज नाही, ती आपल्याकडे कागदावर पडून आहे. त्यात आज जीआयडीसीत मशीनवरची किती माणसं कॉन्ट्रॅक्टरची असतात, ज्यांना उद्या गेटवरून परत पाठवता येतं, तो माणूस कशाच्या जोरावर बोलणार?

दादाचं म्हणणं, "माझं दार कायम उघडं आहे, कोणीही यावं, सयाजीरावांचं बडोदं आहे हे." मला राहवलं नाही. याच बडोद्यात सयाजीरावांच्याच स्कॉलरशिपवर कोलंबियात शिकून आलेले बाबासाहेब १९१७ मध्ये नोकरीला लागले, आणि राहायला खोली मिळेना, पारशी धर्मशाळेतून लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं, कमाठीबागेत जाऊन बसावं लागलं, शेवटी ते शहर सोडून गेले. महाराजांची इच्छा होती ना? दार उघडंच होतं. पण ती इच्छा खाली शहरापर्यंत पोचली नाही. मकरपुऱ्याच्या शॉपची आणि त्या अन्यायाची बरोबरी मी करत नाहीये, पण वरच्या माणसाची चांगली इच्छा मधल्या माणसांपाशी कशी अडते हे बडोद्याच्या माणसाला तरी समजायला हवं. दादाच्या दारात जायचं तर आधी सुपरवायझरच्या समोरून जावं लागतं.

तो म्हणाला बोलायला दिलं की तक्रारीच वाढतील, मग युनियन. तक्रारी वाढतील हे बरोबर आहे. अमेरिकेत एमी एडमंडसन यांनी हॉस्पिटलच्या टीम अभ्यासल्या, त्यांना वाटलं होतं चांगल्या टीममध्ये चुका कमी नोंदल्या जातील, निघालं उलटंच, चांगल्या टीममध्ये जास्त नोंदल्या जात होत्या, कारण तिथे लोक चूक लपवत नव्हते. १९९९ च्या त्यांच्या पेपरपासून टीममध्ये न घाबरता बोलता येण्याचा हा विषय जगभर गेला. आणि युनियनची भीती असेल तर क्रुप बघ म्हटलं. एसेनचा पोलादवाला आल्फ्रेड क्रुप, युनियनचा कट्टर विरोधक, त्याने १८७२ मध्ये आपल्या कारखान्याच्या नियमांत लिहून ठेवलं की सुधारणेची सूचना कुठल्याही थरातून आली तरी आभार मानून घ्यायची आणि तपासल्याशिवाय टाकायची नाही. त्याला लोखंड चांगलं हवं होतं, बस.

मी परत आल्यावर जानेवारीत दादाने चहाच्या टेबलापाशी वही ठेवली. दोन आठवडे कोरी. साहजिक आहे, लिहिणारा सगळ्यांना दिसतो, आणि निम्म्यांना लिहायचंच जड जातं. मग मी फोनवर म्हटलं तू स्वतः मशीनपाशी जा, सुपरवायझरला न घेता, आणि एकच प्रश्न विचार, काल कशासाठी थांबावं लागलं. जे सांगतील त्याला सात दिवसांत हो किंवा नाही असं उत्तर द्यायचं, नाही असेल तर का ते पण सांगायचं.

पहिली गोष्ट निघाली ती किल्लीची. टूल स्टोअरची किल्ली स्टोअरकीपरकडे, तो येतो दहाला, पहिली शिफ्ट सुरू होते सातला, म्हणजे सकाळचे तीन तास मुलं झिजलेल्या इन्सर्टवरच, म्हणजे टूलच्या बोथट झालेल्या पात्यावरच, जॉब काढतात. सकाळचं रिजेक्शन जास्त का, हे दादा कितीतरी दिवस पुरवठादाराला विचारत होता! दुसरी किल्ली करून शिफ्टच्या माणसाकडे दिली, खर्च किती आला असेल सांगा.

दुसरी गोष्ट एका कॉन्ट्रॅक्टवाल्या पोराने सांगितली, की सुपरवायझर सगळ्यांसमोर आईवरून शिव्या देतो म्हणून सेटिंग कळलं नाही तरी कोणी परत विचारत नाही. सुपरवायझर दादाकडे पंधरा वर्षं आहे, घरच्यासारखा. दादाने मला हे सांगितलं तेव्हा बराच वेळ काही बोलला नाही. सात दिवस शुक्रवारी संपतायत, मी त्याला तेवढंच आठवण करून दिलं.